अक्षरांभोवतीची जागा

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी जळगावच्या एखाद्या जुन्या पेढीवर सहज डोकावून पाहावे. चौरंगावर लाल कापडाच्या बांधणीची लांबट वही मांडलेली असते. हिशेब केव्हाच संगणकात गेले, तरी पूजेला वहीच लागते. त्या वहीत अद्याप एकही आकडा नसतो. पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक आणि 'श्री' एवढेच काय ते असते. बाकी सारी पाने कोरी. जुन्या चालीच्या वहीत तर छापील रेघाही नसत. कागदाला उभ्या घड्या घालायच्या आणि त्या घड्यांचेच रकाने करायचे. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. म्हणजे आपला व्यापारी हळदकुंकू वाहतो त्या वस्तूत मजकूर नसतोच. असते ती केवळ मांडणी. मजकूर पुढे येईल, पण तो कोठे बसायचा ती जागा आधी ठरलेली असली पाहिजे, हे त्या पेढीवरच्या मुनीमाला पक्के ठाऊक असते.

आम्हा लेखक-समीक्षकांना मात्र ते ठाऊक नाही, असे म्हणावे लागते. कोणत्याही पुस्तकाचे परीक्षण उघडून पाहा. कथानकावर दोन परिच्छेद, पात्रांवर दोन, भाषेवर एक. आणि अगदी शेवटी, पाहुण्याला निघताना सुपारी द्यावी तसे एक वाक्य : 'छपाई सुबक असून मुखपृष्ठ आकर्षक आहे.' हे वाक्य मीही अनेकदा लिहिले आहे आणि लिहिताना एकदाही पुस्तकाच्या पानाकडे नीट पाहिले नाही, ही कबुली आरंभीच देऊन टाकतो. या लेखाचे भांडण त्या वाक्याशी आहे. लिहिलेला मजकूर पानावर कसा मांडला आहे, ही गोष्ट मजकुराबाहेरची मुळीच नाही. ती त्याच्या अर्थाचाच भाग आहे, एवढेच मला येथे सांगायचे आहे.

हे शहाणपण मला सुचले ते एका फजितीतून. माझ्या पहिल्या कादंबरीत एका प्रकरणाच्या शेवटी एक म्हातारी मरते. त्यानंतर मी एक ओळ मोकळी सोडली होती, आणि पुढचा प्रसंग चार वर्षांपूर्वीचा, तीच म्हातारी विहिरीवर पाणी शेंदीत असतानाचा होता. छापखान्यात कोणी तरी कागद वाचवायचा म्हणून ती मोकळी ओळ काढून टाकली. पुस्तक निघाल्यावर चोपड्याकडच्या एका वाचकाचे पत्र आले : 'बाई मेली, लोक रडले, आणि पुढच्याच वाक्यात ती पाणी शेंदते आहे. हा चमत्कार समजला नाही.' पत्र वाचून घरातले सगळे पोट धरधरून हसले. मी मात्र विचारात पडलो. काढली गेली ती ओळ कोरी होती. तिच्यात एक अक्षरही नव्हते. पण त्या कोऱ्या ओळीत चार वर्षे होती!

त्यानंतर पुस्तके पाहण्याची माझी तऱ्हाच बदलली. माझे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही, त्यामुळे पाश्चात्त्य पंडितांचे दाखले मला देता येणार नाहीत. पण ते शोधायला फार लांब जावे लागत नाही असे मला दिसले. धुळ्याला जाणारी एस. टी. पुरते.

धुळ्यात समर्थ वाग्देवता मंदिर आहे. शंकर श्रीकृष्ण देव या वकिलांनी आयुष्य वेचून गावोगावच्या मठांतून रामदासी बाडे गोळा केली, ती येथे जतन केलेली आहेत. खुद्द समर्थांच्या हातचे म्हणून मानले जाणारे वाल्मीकिरामायणही त्यांत आहे. जुन्या हस्तलिखिताचे पान पाहताना पहिल्याने डोळ्यांत भरते ती भोवतीची कोरी चौकट. मधोमध काळ्याभोर शाईच्या ओळी आणि चारी बाजूंना मोकळा कागद. चूक झालेल्या ठिकाणी पिवळी हरताळ लावलेली. 'हरताळ फासणे' हा आपल्या तोंडचा वाक्प्रचार येथून आला. नको असलेले अक्षर पिवळ्या रंगाखाली झाकून टाकायचे. म्हणजे ते रद्द झाले हे कोणालाही, कितीही दुरून, दिसावे. ही हरताळ वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

दासबोध आपल्याकडे घरोघर असतो, पण त्याच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास फारसा कोणी वाचीत नाही, कारण त्यात ना वैराग्य आहे ना मूर्खांची लक्षणे. त्या समासाचे नाव आहे 'लेखनक्रियानिरूपण'. पुस्तक कसे लिहावे, म्हणजे हाताने उतरवून कसे काढावे, याचे ते नियम आहेत. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे; ओळी मोत्यांच्या माळांसारख्या दिसाव्यात; आधी पान आखून घ्यावे; दोन ओळींतले अंतर कोठे जवळ कोठे दूर होऊ नये; वरच्या ओळीची मात्रा-वेलांटी खालच्या ओळीत घुसू नये; आणि पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सारे एकाच टाकाने लिहिल्यासारखे वाटावे. पुढे सुऱ्या, कातऱ्या, खळ, नाना देशींचे बरू, हिंगूळ यांची यादी येते. एखाद्या कसबी कारागिराने आपल्या शिकाऊ पोराला बसवून सांगावे तसे हे सारे आहे.

पण या समासात दोन गोष्टी अशा आहेत की त्या वाचून मी थबकलो. पहिली भोवतालच्या जागेची. समर्थ म्हणतात, कडेने जागा सोडावी आणि मध्येच लिहावे. का? शोभेसाठी नव्हे. कागद जुना झाला म्हणजे कडांनी झडतो. तो झडला तरी अक्षराला धक्का लागू नये म्हणून. आज आपण समास म्हणून जी पट्टी सोडतो, ती दिसायला बरी म्हणून सोडतो. त्यांनी ती कालाला खायला ठेवली होती! दुसरी गोष्ट अक्षराच्या आकाराची. तरुणपणी फार बारीक लिहिले तर म्हातारपणी ते कामाला येत नाही, म्हणून मध्यम आकाराचे लिहावे, असे ते बजावतात. सतराव्या शतकात, चष्मा दुर्मीळ असताना, हा माणूस लिहिणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या उद्याच्या डोळ्यांचा विचार करतो आहे. माझ्या मते हे समीक्षेचे वाक्य आहे. कोणतेही पान चांगले की वाईट हे ठरवण्याची याहून सोपी आणि याहून कडक कसोटी मला आजवर सापडलेली नाही.

मात्र समीक्षकाने भक्ताप्रमाणे डोळे मिटून चालत नाही. त्या समासाचा पहिलाच शब्द लिहिणारा कोण असावा ते सांगतो, आणि तो ब्राह्मण आहे. सुंदर अक्षर काढण्याचा उपदेश ज्यांना होता, ती मंडळी समाजात मूठभर. बाकीच्यांच्या हाती बरू नव्हताच. पानावर कडेने जागा सोडणारा काळ माणसांना मात्र कडेलाच ठेवीत होता, हे विसरून त्या समासाचे कौतुक करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

शिवाय त्या काळचे सारेच लेखन असे वाचणाऱ्याची काळजी घेणारे होते असेही नाही. याची साक्ष धुळ्यातच, दुसऱ्या एका वास्तूत मिळते. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले, आणि १९२७ साली त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. राजवाड्यांनी गावोगाव वणवण करून जी दप्तरे मिळवली, ती बहुतेक मोडीतली. मोडी लिहिताना आधी शिरोरेघ पानभर ओढून घ्यायची आणि मग हात न उचलता अक्षरे तिला लटकावीत जायचे. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. दौडत्या राज्याच्या घाईला ती लिपी फार उपयोगाची होती, यात शंका नाही. पण तिचा सारा सोयीचा भाग लिहिणाऱ्याच्या वाट्याला आला आणि सारा कष्टाचा भाग वाचणाऱ्याच्या. बाळबोधीत उलट आहे : लिहिणारा कष्टतो, म्हणून वाचणारा सुखी होतो. पुढे इंग्रजी अमदानीत मेजर कँडी यांनी मराठीत विरामचिन्हे रूढ केली. १८५० साली त्यांनी त्यांवर पुस्तकही लिहिले. आज स्वल्पविराम आपल्याला जन्मापासूनचा वाटतो. पण वाचणाऱ्याने श्वास कोठे घ्यावा याची सोय मराठी पानावर व्हायला एवढा काळ जावा लागला.

श्वासाची गोष्ट निघाली म्हणून आता जळगावकडे वळतो. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी जात्यावर, शेतात, चुलीपुढे जन्मली. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि मावसभाऊ यांनी ती टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या, आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपाने निघाली. या पुस्तकावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण ज्या बाईने कधी पान पाहिले नाही, तिचे गाणे पानावर कसे बसवले, हा प्रश्न कोणी विचारलेला माझ्या वाचनात नाही. तेथे दोन निर्णय झाले, आणि दोन्ही मोलाचे झाले. एक, 'काळ्या'चे 'काया' आणि 'मध्ये'चे 'मंधी' तसेच राहू दिले. कोणी शहाण्याने शुद्धलेखनाची इस्त्री फिरवली असती, तर अर्थ तोच राहिला असता. फक्त बाई नाहीशी झाली असती. दुसरा निर्णय ओळी तोडण्याचा. जात्याचा खुंटा फिरताना जेथे दम संपतो, तेथे ओळ संपवली. पानावरच्या त्या ओळीपुढची कोरी जागा म्हणजे दळणाऱ्या बाईचा श्वास आहे.

हे खरे की माझा कल्पनाविलास, ते पाहण्यासाठी मी वर्गात एक प्रयोग केला. आठवीच्या मुलांपुढे त्यांतले एक गाणे फळ्यावर सलग, धड्यासारखे लिहिले आणि वाचायला सांगितले. मुलांनी ते नागरिकशास्त्र वाचावे तसे वाचले. मग तेच शब्द, एकही न बदलता, ओळी तोडून लिहिले. दुसऱ्या ओळीपासून मागच्या बाकावरची मुले डोलू लागली. एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, आता हे आजीसारखं झालं." त्या मुलीने मांडणीवरचा माझा सगळा लेख एका वाक्यात लिहून टाकला!

याच जिल्ह्यात, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात, साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय दैनिक' रोज स्वतःच्या हाताने लिहून काढीत. छापखाना नाही, चित्रे नाहीत. एका शिक्षकाने मुलांसाठी जागून लिहिलेली पाने. त्यांची शैली पुढे 'श्यामची आई'त साऱ्या महाराष्ट्राला भावली, तिचे एक मूळ मला त्या हाताने लिहिलेल्या पानांत दिसते. उद्या सकाळी कोणती पोरे हे वाचणार, त्यांची तोंडे ज्याच्या डोळ्यांपुढे असतील, त्याच्या हातून अवघड वाक्य निघणेच कठीण.

येथवर वाचून कोणी म्हणेल, की मास्तरांचे म्हणणे एवढेच, अक्षर सुंदर काढावे. नाही, तसे असते तर हा लेख मी लिहिलाच नसता. उलट बाजूही मला भोगावी लागली आहे. काही वर्षांपूर्वी मी एका मुलाला निबंधाला दहापैकी चार गुण दिले. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि वहीभर काळपट डाग. शेजारच्या मुलाचे अक्षर मोत्यांसारखे. त्याला आठ दिले. पुढे एका कार्यक्रमात त्या पहिल्या मुलाने तोच निबंध मोठ्याने वाचला. भल्या पहाटे केळीच्या बागेत घड वाहायला जाणाऱ्या मजुरांवर त्याने लिहिले होते. सभागृह चिडीचूप झाले. वहीवरचे डाग केळीच्या चिकाचे होते. शाळेत येण्याआधी तो स्वतःच घड वाहत होता. चीक कपड्यावरून जात नाही, मग कागदावरून कसा जाणार? आणि आठ गुणवाल्याचा निबंध गाईडातून उतरवलेला निघाला. त्या दिवशी मला कळले, की पानाकडे न पाहणारा समीक्षक जेवढा चुकतो, तेवढाच पानावर भाळणारा मास्तरही चुकतो. तेव्हा 'पान सुंदर आहे काय?' हा प्रश्नच अपुरा. खरा प्रश्न असा : हे मांडताना कोणाला डोळ्यांपुढे धरले आहे?

हा प्रश्न काव्यापुरता आहे असे समजू नये. महाराष्ट्रात सर्वांत जास्त वाचले जाणारे, सर्वांत जास्त जपले जाणारे मराठी लेखन कोणते? कादंबरी नव्हे, अभंगही नव्हेत. ते आहे सातबारा. गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाची, आणि नमुना बारा म्हणजे तिच्यात पीक काय. दोन्ही मिळून तो एक कागद. आमच्या खानदेशात आत्याला 'फुई' म्हणतात. माझी फुई निरक्षर होती, पण तिच्या वडिलांच्या जमिनीचा सातबारा तिने पेटीत, लुगड्याच्या घडीत जपून ठेवला होता. आपले नाव कसे दिसते एवढे तिला ओळखू येई; कोणीतरी कोळशाने भिंतीवर लिहून दाखवले होते. वीसेक वर्षांपूर्वी एकदा तिने तो कागद माझ्यापुढे धरला आणि नावावर बोट ठेवून अभिमानाने म्हणाली, "देख बापू, मना नावले कशी कुपाटी करेल शे!" तिच्या नावाच्या दोन्ही बाजूंना वाकड्या रेघा होत्या. तिला वाटे, शेताला काट्याची कुपाटी करतात, तशी सरकारने आपल्या नावाला केली आहे, कोणी आत शिरू नये म्हणून.

तो कंस होता. हाती लिहिलेल्या सातबारावर नाव कंसात गेले म्हणजे त्या माणसाचा हक्क संपला, अशी रीत होती. कधी काळी भावांनी पुढे केलेल्या एका कागदावर तिने अंगठा दिला होता, त्याचा तो परिणाम. कागदात खोटे काही नव्हते. सारे रीतसर होते. मी तिला ते सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. मग तिने विचारले, "मंग त्यास्नी पुसी का बरं नही टाकं?" मग पुसूनच का टाकले नाही? मी उत्तर देऊ शकलो नाही. वाचकांना ती हरताळ आठवत असेल. रद्द झालेले अक्षर रद्द झालेले दिसले पाहिजे, हे पोथ्या उतरवणाऱ्यांना कळत होते. ज्या कागदावर बाईची भाकर अवलंबून, त्यावर मात्र 'गेले' या अर्थाची खूण तिला 'जपले' अशी वाटावी अशी होती. फुईला वाचता येत नव्हते हा दोष तिचा म्हणा हवे तर. पण त्या कागदाच्या मांडणीत तिच्यासारखीचा विचार कोणी केला नव्हता, हा दोष तिचा कसा?

यात बदल झाला, हेही सांगितले पाहिजे. २०२० साली राज्य सरकारने सातबाराचा नमुना सुधारला. गावाच्या नावाबरोबर संकेतांक आला. लागवडीयोग्य आणि पोटखराब क्षेत्र वेगळे दाखवून त्यांची बेरीज येऊ लागली. शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि तारीख दिसू लागली. दोन खातेदारांच्या नावांमध्ये तुटक रेघ आली. आणि मयत खातेदारांच्या, फिटलेल्या बोजांच्या ज्या नोंदी पूर्वी कंसात टाकीत, त्यांवर आता आडवी रेघ मारून त्या खोडलेल्या दाखवतात. ही बातमी वाचली तेव्हा मी वर्तमानपत्र बराच वेळ हातात धरून बसलो. एक कंस जाऊन एक आडवी रेघ आली, यात वाङ्मय ते काय, असे कोणी म्हणेल. पण ज्याने हा बदल सुचवला, त्याच्या डोळ्यांपुढे कोणीतरी फुई असली पाहिजे. तिला जमीन परत मिळाली नाही आणि हा नवा कागदही तिने पाहिला नाही. ती त्याआधीच गेली. पण तिच्या प्रश्नाचे उत्तर उशिरा का होईना, कागदावर आले.

म्हणून परीक्षणाच्या शेवटचे ते सुपारीचे वाक्य मी आता लिहीत नाही. पुस्तक आले की आधी पान उघडून पाहतो : कडेला जागा किती सोडली, ओळी एकमेकींच्या अंगावर तर आल्या नाहीत ना, कोरी ओळ जेथे हवी तेथे आहे ना. आणि मग दासबोधातली ती म्हातारपणाची कसोटी लावतो. ती तुम्हीही लावून पाहा. हा दिवाळी अंक घरातल्या सर्व मंडळींचा वाचून झाला, की फराळाच्या ताटाशेजारी बसलेल्या आजी-आजोबांच्या हाती द्या. त्यांना तो दिव्याकडे फार तिरपा धरावा लागला, किंवा चार ओळींनंतर त्यांनी मुकाट्याने मिटून ठेवला, तर संपादकांना पत्र लिहा. संकोच करू नका. आणि त्यांनी तो तुम्हाला परत द्यायलाच नकार दिला, तर मात्र पुढल्या वर्षी घरात दोन प्रती घ्याव्या लागतील.